तीर्थ, मैदान, भूखंड : कोल्हापुरातील मोकळ्या जागांचा शब्देतिहास

पावसाळ्यात दोन-चार दिवस झड लागली की कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील गांधी मैदानात पाणी साचते आणि मैदानाला तळ्याचे रूप येते. वर्तमानपत्रांत छायाचित्रे छापून येतात, महापालिकेवर टीका होते, निचऱ्याच्या योजनांची चर्चा होते. पेठेतल्या जुन्या माणसांना मात्र त्याचे फारसे नवल वाटत नाही. हे मैदान मुळात तळेच होते. वरुणतीर्थ हे त्याचे नाव. ते बुजवून मैदान झाले. तळे गेले, तरी वरुणतीर्थ वेस हे नाव शेजारी टिकून राहिले.

या मैदानाकडे पाहताना आम्हांला नेहमी एक प्रश्न पडतो. जागा तीच, माती तीच. मग तळ्याचे मैदान होऊ शकते, तर मैदानाचे व्यापारी संकुल होण्यास नेमकी हरकत कोणती? सार्वजनिक जागेवरील खाजगी बांधकामाला विरोध करणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देऊन चालणार नाही. ते इतिहासातून द्यावे लागेल, आणि आमच्या मते ते बऱ्याच अंशी भाषेच्या इतिहासातून द्यावे लागेल. साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून हा विषय आपलाही आहे, असे आम्हांस वाटते ते यासाठीच.

कोल्हापूर हे एके काळी तळ्यांचे गाव होते. वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर, पद्माळा, खंबाळा, सिद्धाळा अशी कितीतरी नावे आजही जुन्या वस्त्यांच्या पत्त्यांतून डोकावतात. रंकाळा आणि कोटितीर्थ तेवढे पाण्यासह शिल्लक राहिले. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी आज शाहू स्टेडियम आहे, जिथे पेठापेठांचे फुटबॉल संघ एकमेकांशी झुंजतात. कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आहे, आणि तिचे नाव अजूनही कपिलतीर्थ मार्केटच आहे. सिद्धाळ्याची बाग झाली. ही तळी बुजली त्यात केवळ अविचार होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. कळंबा तलावाचे पाणी नळाने शहरात येऊ लागल्यावर गावातल्या तळ्यांची गरज ओसरली. साचलेले पाणी रोगराईला कारण होते, ही जाणीवही त्या काळात वाढत होती. म्हणजे बदल झाला, आणि त्याला कारणे होती.

परंतु या बदलात एक गोष्ट बदलली नाही, तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तळे बुजले तरी जागा कुणा एकाची झाली नाही. पाणी भरणाऱ्यांच्या जागी खेळणारे आले, सभेला बसणारे आले, भाजी विकणारे आणि घेणारे आले. जागेचे रूप पालटले, तिचा धनी पालटला नाही. गांधी मैदान आणि व्यापारी संकुल यांतला भेद हाच आहे. पहिल्या बदलात एका सार्वजनिक उपयोगाची जागा दुसऱ्या सार्वजनिक उपयोगाने घेतली. दुसऱ्यात सार्वजनिकपणच संपते.

आता शब्दांकडे वळू. ‘तीर्थ’ हा शब्द केवळ धार्मिक नाही. ज्या पाण्याला तीर्थ म्हटले, त्याची खरेदी-विक्री मनातही येत नाही. नावानेच त्या जागेला एक कुंपण पडते. कायद्याची कलमे नव्हती तेव्हा शब्द हे काम करीत होते. देवराई, गायरान, कुरण, चावडी, पार हे शब्दही त्याच जातीचे. प्रत्येकात जागा आणि तिचा हेतू एकजीव झालेला आहे. गायरान म्हटले की गाईगुरांची चराई आलीच. हेतू वेगळा सांगावा लागत नाही.

मात्र येथे गतकालाचे गोडवे गाऊन थांबणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तीर्थ सर्वांचे म्हणवले जाई, पण ते सर्वांना खुले नव्हते. ज्यांचा स्पर्शही विटाळ मानला जाई, त्यांच्यासाठी पाणवठे, विहिरी, धर्मशाळा ही सारी ‘सार्वजनिक’ ठिकाणे बंदच होती. म्हणून कोल्हापूरपुरते बोलायचे, तर ‘सार्वजनिक’ या शब्दाला खरा अर्थ लाभला तो १९१९ मध्ये, जेव्हा शाहू छत्रपतींनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास हुकूम काढून मनाई केली. आज आपण बागेच्या किंवा मैदानाच्या रक्षणाची भाषा बोलतो, तेव्हा जिचे रक्षण करायचे ती परंपरा तीर्थाची कमी आणि या हुकुमाची अधिक आहे, हे विसरता कामा नये. ज्या बागेच्या दारात तिकीट, पोशाख किंवा जात पाहिली जाते, ती बाग वाचवूनही फारसे काही वाचत नाही.

शाहू महाराजांच्या कारकीर्दीत (१८९४–१९२२) कोल्हापूरच्या मोकळ्या जागांना ‘मैदान’ या शब्दाचे वैभव आले. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले, आणि तशा धर्तीवर कुस्तीसाठी खासबागेचे मैदान उभारले. १९०७ च्या सुमारास सुरू झालेले ते काम १९१२ मध्ये पुरे झाले. त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले, जे पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कुस्ती आणि नाटक अशी दोन्ही रंगस्थळे एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बांधणाऱ्या राजाने शहररचनेचा कोणता ग्रंथ वाचला होता, आम्हांला ठाऊक नाही; परंतु शहराला श्वास घेण्यासाठी जागा लागते आणि ती राज्याने द्यायची असते, एवढे त्यांना निश्चित कळले होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री हे नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा कोल्हापूरकर रस्त्यावर उभे राहून रडले. सार्वजनिक वास्तू ‘आपली’ असते म्हणजे काय, हे त्या रात्री कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

येथे आणखी एका शब्दाची आठवण काढणे अगत्याचे आहे. १९०२ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील पन्नास टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्या धोरणाला आज आपण ‘आरक्षण’ म्हणतो. नगररचनेच्या नकाशात बाग, शाळा, क्रीडांगण यांसाठी जी जमीन राखून ठेवली जाते, तिलाही मराठीत ‘आरक्षण’ असेच म्हणतात. हा केवळ शब्दांचा योगायोग आहे, असे आम्ही मानत नाही. दोन्हीकडे तत्त्व एकच : सारे काही मोकळ्या चढाओढीवर सोडले, तर बळवंत सगळेच घेऊन जातो, म्हणून दुर्बळाचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. नोकरीच्या बाजारात ज्याच्यामागे पिढ्यांचे शिक्षण नाही तो दुर्बळ. जमिनीच्या बाजारात खेळायला जागा नसलेले मूल, फिरायला अंगण नसलेली म्हातारी दुर्बळ. त्यांना लिलावात बोली लावता येत नाही.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाच्या इच्छेने राखलेल्या जागा आता कायद्याने राखायच्या होत्या. १९६६ मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. डिसेंबर १९७२ मध्ये कोल्हापूर नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्यानंतरच्या अर्ध्या शतकात शहराची हद्दवाढ होऊ शकली नाही, हे कोल्हापूरच्या जमिनीचे अर्थकारण समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते. वस्ती वाढली, हद्द तीच राहिली. साहजिकच आतल्या प्रत्येक मोकळ्या तुकड्याची किंमत चढत गेली आणि त्यावर नजरा खिळत गेल्या.

त्या अधिनियमातच आरक्षणाला एक खिडकी ठेवलेली आहे. कलम १२७ असे सांगते की, आरक्षित खाजगी जमीन दहा वर्षांत संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर ठरावीक मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते. मूळची सहा महिन्यांची ही मुदत पुढे वाढवण्यात आली. मालकाची जमीन अनंत काळ अडकवून ठेवू नये, हा या कलमाचा हेतू न्याय्यच आहे. परंतु तिजोरी रिकामी असलेल्या महापालिकेच्या बाबतीत त्याचा व्यवहारातला अर्थ असा होतो की, नकाशावरची हिरवी बाग कुणी तोडत नाही, कुणी विकत नाही. ती केवळ मुदत टळल्याने नाहीशी होते. ‘व्यपगत’ हा शब्द किती सोज्ज्वळ आहे पाहा. त्याला कर्ता लागत नाही. वाक्यात कर्ताच नसल्यामुळे जबाबदार कोण, हा प्रश्नही उद्‌भवत नाही.

असाच दुसरा शब्दप्रयोग कलम ३७ मधला : योजनेचे स्वरूप न बदलणारा फेरबदल. बोलीभाषेत ‘किरकोळ फेरबदल’. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण कोल्हापूरचे नसून पुण्याचे आहे. प्रभात रस्त्याच्या परिसरात प्राथमिक शाळेसाठी आरक्षित असलेल्या भूखंडावर १९९० च्या दशकात निवासी इमारत उभी राहिली, आणि तिचा संबंध तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या जावयाशी होता. १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा सारा व्यवहार बेकायदा ठरवला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. शाळेची इमारत होणे हा बदल किरकोळ की मूलभूत, हा प्रश्न विशेषणाचा आहे. पण त्या विशेषणावर एका परिसरातील मुलांचा हक्क अवलंबून होता.

तिसरे उदाहरण मुंबईचे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने बंद गिरण्यांच्या जमिनींची ढोबळमानाने तीन भागांत वाटणी सुचवली होती : एक तृतीयांश शहरासाठी मोकळी जागा, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी, उरलेला भाग मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ ‘मोकळ्या जमिनी’पुरती मर्यादित केली. मग वाद उभा राहिला तो ‘मोकळी जमीन’ म्हणजे काय, यावर. गिरणीचे बांधकाम पाडल्यावर मोकळी होणारी जमीन त्यात येते, की आधीपासून रिकामी होती तेवढीच? २००५ मध्ये उच्च न्यायालयाने पहिला अर्थ घेतला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरा. एका विशेषणाच्या अर्थनिर्णयाने गिरणगावातील होऊ शकणाऱ्या बागा आणि मैदाने आकसून गेली. अर्थनिर्णयनाचे सिद्धांत शिकवताना आपण काव्याची उदाहरणे देतो. हे उदाहरणही एकदा वर्गात देऊन पाहावे. कोल्हापुरात कोटितीर्थाच्या परिसरात १९०६ मध्ये पायाभरणी झालेली शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली. त्या जागेवर शाहू महाराजांचे स्मारक व्हावे या मागणीमागे ही मुंबईची आठवण होतीच.

आणि आता शेवटचा शब्द, ‘भूखंड’. या शब्दात हेतू उरलेलाच नाही. गायरानात गुरे आहेत, मैदानात खेळ आहे, बागेत झाड आहे. भूखंडात फक्त चौरस फूट आहेत. जागेला भूखंड म्हटले की ती दुसऱ्या कोणत्याही जागेशी अदलाबदल करण्याजोगी होते. मराठी माणसाने ‘भूखंडाचे श्रीखंड’ हा वाक्प्रचार घडवला तो उगाच नव्हे. त्यात शब्दाचा निवाडाच दडलेला आहे.

कोल्हापूरला या शब्दाची खरी ओळख झाली ती रस्त्यांच्या निमित्ताने. सुमारे ५० किलोमीटर रस्ते २२० कोटी रुपये खर्चून ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर करण्याचे काम एका खाजगी कंपनीकडे गेले. त्या बदल्यात तिला तीस वर्षे टोल वसूल करण्याचा हक्क मिळाला आणि टेंबलाईवाडी येथील सुमारे ३०,००० चौरस मीटरचा महापालिकेचा भूखंडही भाडेपट्ट्याने देण्यात आला. ती जागा बाग नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण ती शहराची होती. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारख्या ज्येष्ठांनी नेतृत्व केलेल्या टोलविरोधी आंदोलनात सारे शहर उतरले, आणि २०१५-१६ मध्ये टोल रद्द करणे शासनाला भाग पडले. हा लोकशक्तीचा मोठा विजय होता. परंतु त्याच आंदोलनाने आम्हांला एक गोष्टही शिकवली. टोलनाका रस्त्यात आडवा येतो, रोज खिशात हात घालायला लावतो. भूखंड गावाच्या कडेला मुकाट पडून असतो. पैसे जाताना दिसतात तसे सार्वजनिक जमीन जाताना दिसत नाही. म्हणून तिच्यासाठीचा लढा अधिक कठीण असतो.

फेब्रुवारी २०२२ मध्ये जयप्रभा स्टुडिओची जागा खाजगी विकासकांना विकली गेल्याची बातमी आली, तेव्हा शहर पुन्हा एकदा हलले. छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकात सुरू झालेले कोल्हापूर सिनेटोन, पुढे भालजी पेंढारकरांचे जयप्रभा, १९४८ ची जाळपोळ, त्यातून भालजींनी पुन्हा केलेली उभारणी, असा त्या जागेचा इतिहास. कायद्याच्या नजरेने ती खाजगी मालमत्ताच होती. तरीही कलावंत, तंत्रज्ञ आणि नागरिक उपोषणाला बसले. त्यांचा मुख्य आधार कोणता होता? ही जागा चित्रपटनिर्मितीसाठी देण्यात आली होती, ही अट. म्हणजे मालकी कुणाचीही असो, हेतू शहराचा आहे, असे ते सांगत होते. आमच्या विवेचनाचे सार त्यांनी कोणत्याही विवेचनाशिवाय गाठले होते.

न्यायालयांनीही हेतूचे हे मोल ओळखल्याचे दाखले आहेत. बंगळूरमधील राजमहाल विलास विस्तारात आराखड्यात बागेसाठी ठेवलेली जागा एका खाजगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले. रुग्णालयही लोकांच्या उपयोगाचेच नाही का, असा युक्तिवाद झाला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला : बागेची जागा राखून ठेवणे ही कायद्याने सोपवलेली जबाबदारी आहे, ती वरच्या आदेशाने मोडता येत नाही, आणि तिच्यासाठी दाद मागण्याचा हक्क परिसरातील रहिवाशांना आहे. लखनौच्या अमीनाबाद भागातील झंडेवाला पार्क हे स्वातंत्र्यचळवळीतील सभांचे मैदान. तेथील महापालिकेने निविदा न मागवता एका बांधकाम कंपनीशी करार करून त्याखाली भूमिगत बाजार बांधण्यास परवानगी दिली. वर बाग राहीलच, असे सांगण्यात आले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम पाडून बाग पूर्ववत करण्याचा आदेश दिला. महापालिका ही अशा जागेची मालक नसून विश्वस्त आहे, हे तत्त्व त्या निकालाने ठसवले.

विश्वस्त हा शब्द आम्हांला तीर्थाचा आधुनिक वारस वाटतो. तीर्थ विकता येत नव्हते, कारण ते देवाचे होते. बाग विकता येत नाही, कारण ती पुढच्या पिढीचीही आहे, आणि ती पिढी सभागृहात मत द्यायला हजर नाही.

या भूमिकेवर घेतला जाणारा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. शहराला रुग्णालये हवीत, वाहनतळ हवेत, महापालिकेला उत्पन्न हवे. ओसाड पडलेली, कचऱ्याने भरलेली बाग राखून काय साधते? आक्षेपात तथ्य आहे. बागा ओसाड पडतात, त्यांची देखभाल होत नाही, हे खरेच. परंतु याचा क्रम नीट पाहावा. आधी दुर्लक्षाने बाग ओसाड होते. मग तिला ‘पडीक’ म्हटले जाते. पडीक म्हटले की तिचा ‘विकास’ करणे हे पुण्यकर्म ठरते. जिने जागेची हेळसांड केली, तीच यंत्रणा त्या हेळसांडीचा पुरावा पुढे करून जागा देऊन टाकते. नादुरुस्त बागेवरचा उपाय दुरुस्ती हा आहे. आणि उत्पन्नाचे म्हणाल, तर जागा एकदाच विकता येते. शहराला मात्र दरवर्षी श्वास घ्यावा लागतो.

मग आपण काय करावे? साहित्याच्या माणसांनी मोर्चात जावे की न जावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एक काम असे आहे की, जे आपल्याइतके दुसऱ्या कुणाला जमणार नाही. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते, तेव्हा ते वाचायचे. हरकती-सूचनांच्या मुदतीत वाचायचे. एखाद्या कवितेच्या ओळीत शब्द बदलला तर आपण पाठभेदाची चर्चा करतो; तसा आधीच्या आणि नंतरच्या आराखड्यांतला पाठभेद तपासायचा. ‘उद्यान’ होते तेथे ‘उद्यान व अनुषंगिक वापर’ कधी आले? त्या ‘अनुषंगिक’मध्ये काय काय सामावले आहे? कर्ता गाळलेली वाक्ये कुठे आहेत? भाषा वाचण्याचे हे शिक्षण आपण वर्षानुवर्षे देतो-घेतो. त्याचा थोडा उपयोग आपल्या पेठेतल्या मैदानाला व्हावा, ही अपेक्षा अवाजवी नसावी.

गांधी मैदानात पुढच्या पावसाळ्यातही पाणी साचेल. निचरा झालाच पाहिजे. तेथे मुलांना खेळता आले पाहिजे. परंतु उद्या कुणी तेच साचलेले पाणी दाखवून ‘ही जागा तशीही निरुपयोगी आहे’ असे म्हणू लागला, तर त्याला सांगता यावे की, ही जागा आधी तीर्थ होती, मग मैदान झाली, आणि दोन्ही वेळा ती गावाची होती. तिचा भूखंड होऊ द्यायचा की नाही, हे ठरवण्याचा अधिकारही गावाचाच आहे.